स्टोरीवीव्हर : वाचायला लवकर संपतं, लिहायला पुरून उरतं

पाचवी ते आठवीच्या कुठल्याही वर्गात दोन-चार मुलं अशी असतात, जी मराठीचं पाठ्यपुस्तक जून संपायच्या आत वाचून मोकळी होतात. त्यांना पुढे काय द्यायचं, असा विषय निघाला की हल्ली स्टोरीवीव्हरचं नाव हमखास घेतलं जातं. बंगळूरच्या प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेलं हे गोष्टींचं संकेतस्थळ. सगळं फुकट, जाहिराती नाहीत आणि मराठी गोष्टी भरपूर. आमचं मत आधीच सांगतो. वाचनासाठी म्हणून हे या मुलांच्या हाती दिलंत तर ती लवकरच कंटाळतील. लेखनाची कार्यशाळा म्हणून वापरलंत तर वर्ष पुरायचं नाही.

कंटाळतील का, ते पायऱ्या पाहिल्या की कळतं. इथे गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिली साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत आणि त्यापुढची सगळी चौथीत. म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवरची बरीचशी गोष्टही सहावीतलं सराईत पोर पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. शिवाय ही मोजणी शब्दांची आहे, आणि शब्द मोजून मराठीची अवघडता कळत नाही. इंग्रजीत तीन-चार शब्दांत जे येतं ते आपल्याकडे ‘घरात’, ‘झाडाखालून’ असं एका शब्दात मावतं. मराठीत आली की गोष्ट आकड्यांनी आखूड होते, पण प्रत्येक शब्द जड होतो. त्यामुळे दुसऱ्या पातळीची एखादी गोष्ट तिसरीपेक्षा अवघड निघाली तर नवल नाही. मुलाला पातळीचा आकडा दाखवून पुस्तक निवडू नका. एक पान मोठ्याने वाचून घ्या आणि ठरवा.

दुसरी अडचण भाषेची. इथल्या मराठी गोष्टींपैकी पुष्कळ मूळ मराठीतल्या नाहीत, भाषांतरित आहेत. प्रथम बुक्सने स्वतः काढलेली पुस्तकं बहुतेक नीटनेटकी आहेत. पण भाषांतर करून टाकायची मुभा कोणालाही असल्यामुळे वाचकांनी केलेल्या भाषांतरांत सगळ्या प्रतीचा माल सापडतो. ‘पाऊस पडायला सुरुवात झाली आणि त्याने त्याची छत्री उघडली’ या घाटाची वाक्यं भेटतात. लहान मुलाला वाचायला देताना प्रकाशकाचं नाव पाहून निवड करावी. पुढे गेलेल्या मुलांसाठी मात्र हाच कच्चा माल कामाचा आहे, कारण त्यांच्या हातात लाल पेन देता येतं. वरचं वाक्य दिलंत की ‘पाऊस सुरू झाला तशी त्याने छत्री उघडली’ इथवर ती आपली आपण येतात, आणि त्यातला ‘त्याची’ का गळला हेही सांगू शकतात.

आता या संकेतस्थळाचा खरा गाभा. प्रत्येक गोष्ट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहे. मूळ लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार यांचं नाव दिलं की ती भाषांतरित करा, सोपी करा, बदला, छापा, कोणाची परवानगी मागायला नको. भाषांतरासाठी आणि पातळी बदलण्यासाठी तिथेच सोय आहे. पान समोर, चित्र जागच्या जागी, मजकूर आपण भरायचा.

भाषांतराचा तास असा घ्यावा. तिसऱ्या पातळीची, बारा-चौदा पानांची, आठ-नऊशे शब्दांची इंग्रजी गोष्ट निवडा. तिचं मराठी आधीच झालेलं असलं तरी हरकत नाही, फक्त ते शेवटपर्यंत मुलांना दाखवायचं नाही. ३५ मिनिटांच्या चार तासिका धरा. पहिल्या तासिकेत पेन हातात घ्यायचं नाही. गोष्ट चित्रांसकट दोनदा वाचायची आणि फळ्यावर तक्ता करायचा: पात्रांची नावं ठेवायची की बदलायची, इंग्रजीतला अंकल हा काका की मामा, आंटी ही मावशी, आत्या, काकू की शेजारची कोणी, खार आली तर ‘ती’ आणि ससा आला तर ‘तो’, आजोबांना नात ‘तुम्ही’ म्हणते की ‘तू’. हे आधी ठरवलं नाही तर पाचव्या पानावर मामाचा काका होतो आणि आजोबा ‘आला’ होतात. चित्र नीट पाहिल्याशिवाय यातलं बरंचसं ठरवता येत नाही, आणि इथेच हुशार मुलं घाई करतात.

दुसऱ्या तासिकेत भाषांतर तोंडी. एकाने पान वाचायचं, स्क्रीन पालथी घालायची आणि जोडीदाराला ते मराठीत सांगायचं. जोडीदाराने जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. समोर इंग्रजी ओळ नसली की शब्दाला शब्द ठेवण्याची सवय जागीच मोडते. लेखी सुरुवात केली तर हटकून ‘जेव्हा तो घरी पोहोचला तेव्हा त्याने पाहिलं की त्याची आई झोपलेली होती’ असं येतं. तोंडी सांगताना तोच मुलगा ‘घरी येऊन बघतो तर आई झोपलेली’ म्हणतो. पाहिजे ते हेच. तपशील सुटले असतील तर ते तासाच्या शेवटी मूळ पान उघडून भरून घ्यावेत.

तिसऱ्या तासिकेत दुरुस्ती, आणि इथे बहुतेक चुका ठरलेल्या असतात. ‘आपली’ हवं तिथे ‘त्याची’. दर दोन वाक्यांच्या मध्ये ‘आणि’, जिथे ‘-ून’ किंवा ‘-ताना’ने काम भागलं असतं. प्रत्येक क्रिया ‘करत होती, जात होती, बघत होती’. आवाजांकडे वेगळं लक्ष द्या, कारण मराठीची चैन तिथे आहे. मूळ गोष्टीत पाण्यात काहीही पडलं तरी बहुधा ‘स्प्लॅश’ हा एकच शब्द येतो. आपल्याकडे खडा पडला तर डुबुक, पोरगं पडलं तर धपाक. काय पडलंय हे पुन्हा चित्रातच बघावं लागतं. आणखी एक बंधन मुलांना लवकर कळत नाही: एका पानावरचं वाक्य सोयीसाठी पुढच्या पानावर ढकलता येत नाही, कारण चित्र तिथे नाही.

चौथ्या तासिकेला तिसरी-चौथीतलं एखादं मूल श्रोता म्हणून बोलवा. ते जिथे ‘म्हणजे?’ विचारेल तिथे पेन्सिलीने खूण. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. ते आधी काढलंत तर मुलं अवघड शब्द टाळून लिहायला लागतात.

भाषांतराच्या यंत्राचं काय, हा प्रश्न येणारच. आठवीच्या मुलांना यंत्राचं भाषांतर छापूनच द्या आणि एका पानातल्या दहा चुका काढायला सांगा. त्याहून लहानांना देऊ नका, कारण त्यांना ते बरोबर वाटतं.

भाषांतराहून अवघड, आणि आमच्या मते अधिक मोलाचा, तो पातळी उतरवण्याचा स्वाध्याय. चौथ्या पातळीची १८०० शब्दांची गोष्ट दुसऱ्या पातळीवर, म्हणजे ६०० शब्दांच्या आत आणायची. चौदा पानांची गोष्ट असेल तर आज पानाला सरासरी १३० शब्द पडतात, उरवायचे चाळीस. हा हिशोब मुलांना आधी मांडायला लावा, म्हणजे दोन-चार विशेषणं गाळून काम होणार नाही हे त्यांच्या ध्यानात येतं. पहिली कात्री चित्राच्या आधारे चालवायची. जे चित्रात दिसतं ते मजकुरातून काढायचं, मग तो सदऱ्याचा रंग असो की आभाळातले ढग. दुसरी कात्री संवादांवर, तीन वेळा बोलणं झालं असेल तर एकदा. यानंतरही दोनशे शब्द जास्त उरतात आणि खरा विचार तिथून पुढे सुरू होतो, कारण आता एखादा प्रसंगच काढावा लागतो. कोणता काढला तर गोष्ट कोसळेल आणि कोणता काढला तर कोणाला कळणारही नाही, यावर वर्गात भांडणं होतात. होऊ द्यावीत.

इथे नेहमी बिघडतं ते कारण-परिणामाचं. मुलं घटना ठेवतात आणि कारण उडवतात. मुलगी घर सोडून टेकडीवर गेली हे राहतं, ती का रुसली होती ते जातं. तपासायची सोपी रीत: प्रत्येक पानानंतर ‘का?’ विचारायचं. उत्तर मागच्या पानांत किंवा चित्रात सापडलं नाही तर तिथे चार शब्द परत घालायचे. दुसरा बिघाड शेवटच्या पानाचा. ते सगळ्यांना आवडलेलं असतं, म्हणून कोणी हात लावत नाही आणि चाळीस शब्दांच्या पानांमागून एकदम १३० शब्दांचं पान येतं.

चित्रसंग्रहातून पाच-सहा चित्रं निवडून स्वतःची गोष्ट करायची सोयही आहे. तिची शिफारस आम्ही जरा हात राखून करू. मुलं चित्राचं वर्णन लिहितात, गोष्ट होत नाही. ‘चित्रात न दिसणारं निदान एक वाक्य प्रत्येक पानावर हवं’ एवढी अट घातली तर काही हाती लागतं.

आता सोयी-गैरसोयी. वाचायला खातं लागत नाही, भाषांतर किंवा नवी गोष्ट करायची तर लागतं. खातं शिक्षकाच्या किंवा पालकाच्या नावाने काढा, मुलाच्या नव्हे. प्रकाशित केलेली गोष्ट जगभर दिसते, आणि खुला परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. तेव्हा मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि इयत्ता एकत्र टाकू नका. बहुतेक स्वाध्यायांना प्रकाशनाची गरजच नसते. वही आणि वर्गातलं वाचन पुरतं.

देवनागरी टंकलेखन हा सगळ्यात मोठा अडथळा. मुलं रोमन अक्षरांतून टंकतात आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, ‘दऱ्या’चा ‘दर्या’. त्यासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ हा क्रम एकदा दाखवून द्यावा. बोलून टंकलं तर विरामचिन्हं बेपत्ता होतात, ती नंतर घालताना वाक्यं कुठे संपतात याचा आपसूक अभ्यास होतो. शब्द मोजण्यासाठी पीडीएफमधला मजकूर उचलू नका, देवनागरीच्या वेलांट्या-मात्रा अनेकदा विस्कटतात. छपाई काळ्या-पांढऱ्यात करायची असेल तर आधी दोन पानं काढून पाहा. गडद चित्रं काळी पडतात, आणि पातळी उतरवण्याचा स्वाध्याय तर चित्रावरच उभा आहे.

एक आणखी वापर, जो शाळा क्वचित करतात: एकच गोष्ट मराठी, हिंदी आणि इंग्रजीत उघडून एकेका पानाची तुलना. बेळगाव-हैदराबादकडच्या किंवा परदेशातल्या मराठी घरांत, जिथे मुलाची शाळेची भाषा वेगळी आहे, तिथे हा प्रकार भाषांतराच्याही आधी घ्यावा.

मग या मुलांनी वाचायचं काय? त्यासाठी दुसरीकडेच जावं लागतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेले आहेत. मूळ मराठीत लिहिलेल्या कथा, कविता, शास्त्रावरचे लेख, कोडी, सगळं तिथे मिळतं. अंकांत पातळ्या नाहीत, त्यामुळे वाट मुलालाच काढावी लागते, आणि पुढे गेलेल्या मुलाला तेच बरं. पहिल्या दशकांतल्या अंकांची भाषा आजच्या मुलांना थोडी जड जाते, म्हणून अलीकडच्या अंकापासून मागे मागे जावं. एकदा सवय लागली की सत्तरच्या दशकातलाच एखादा लेख घेऊन, स्टोरीवीव्हरवर शिकलेली कात्री त्याच्यावर चालवायला लावा. फक्त तो वहीतच ठेवा, कारण ‘किशोर’चा मजकूर वाचायला फुकट असला तरी स्टोरीवीव्हरसारखा खुल्या परवान्याचा आहे असं धरून चालू नये.