अळीला चटका देणारा हीट प्रोब: टोक उत्तम, आकड्यावर विसंबू नका

फळमाशीच्या अळीला गरम टोक टेकवून ती वेदनेने कधी लोळते हे पाहायचा हा प्रोब चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून ऑर्डरनुसार जुळवून मिळतो. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी), तापमान ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर आणि छिन्नीसारखं घासलेलं टोक, एवढाच ऐवज. टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद आहे, तिथे कसूर नाही. जाड टोकाने अळी दाबली जाते आणि ती नेमकी कशामुळे लोळली ते कळत नाही.

घोळ आहे तो आकड्यात. थर्मोकपल मागे दांड्यात बसवलंय, त्यामुळे स्क्रीनवर ४६ अंश दिसतात तेव्हा टोक ४२-४३ वर असतं. आणि सगळा प्रयोग या तीन-चार अंशांवरच तर उभा आहे! फळमाशीची साधी, म्हणजे कँटन-एस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणाची अळी ३९ च्या खाली सहसा लोळत नाही. ४६ ला मात्र एक-दोन सेकंदांत स्वतःभोवती गिरकी घेते. ट्रेसी, बेन्झर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या 'पेनलेस' जनुकात बिघाड असेल, तर चेतापेशींतली उष्णता ओळखायला लागणारी टीआरपी वाहिनी (पेशीच्या पटलातलं आयनांचं दार) नीट चालत नाही आणि अळी त्याच चटक्याला बराच वेळ ढिम्म राहते. टोक ५३ च्या घरात गेलं की तीही झटकन लोळते. म्हणजे टोक थंड पडलं तर साधी अळी म्यूटंट (जनुक बिघडलेली) ठरते, फार तापलं तर म्यूटंट साधी.

म्हणून आधी बारीक मण्याचं दुसरं थर्मोकपल बर्फाच्या लगद्यात शून्य दाखवतंय का बघा. मग पाण्याचा इवलासा थेंब लावून ते टोकाला टेकवा, आकडा स्थिरावू द्या आणि फरक कंट्रोलरच्या ऑफसेटमध्ये (आकडा दुरुस्त करायच्या सेटिंगमध्ये) भरा. ऑटो-ट्यूनही (कंट्रोलरने स्वतःला या टोकाशी जुळवून घेणं) करून येत नाही. न करता वापरलात तर तापमान वर उसळून मग खाली येतं.

एप्रिल-मेमध्ये लॅबमधला कूलर सुरू असतो. त्याचा झोत टोकावर आला की केलेलं कॅलिब्रेशन वाया, तेव्हा प्रोबला आडोसा हवाच. (माश्यांच्या बाटल्या तापमान स्थिर ठेवणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये २५ ला ठेवा; ३० च्या वर नर वांझ होऊ लागतात.) अळीवरचं जादा पाणी टिपकागदाने टिपा, पातळ ओल तेवढी राहू द्या, साचलेलं पाणीच उष्णता खातं. पोटाच्या चौथ्या ते सहाव्या खंडाला बाजूने टेकवा, १० सेकंदांना थांबा आणि पूर्ण गिरकीच मोजा. नुसतं डोकं वळवलं तर ते धरू नका.

बीएस्सी-एमएस्सीला म्यूटंट आणि साधी अळी शेजारी ठेवून दाखवायची असेल तर जरूर घ्या. अतिनील किरणांनी कातडी दुखावल्यावर २४ तासांनी वाढणारी संवेदनशीलता मोजायची असेल, तर नको. तिथे साध्या अळीला एरवी चालणाऱ्या ३८ अंशांवर काम करावं लागतं आणि हा प्रोब ऑटो-ट्यूननंतरही एक अंश इकडेतिकडे हलतो.