सोन्याची अंगठी पांढरी पडली तेव्हा

माझी फसवणूक पकडली ती सोनाराने. अंगठी एका बाजूने पांढुरकी पडली होती, चांदीचं पाणी दिल्यासारखी. सोनंच खोटं दिलं असणार म्हणून मी भांडायच्या तयारीने गेले. काकांनी ती भिंगाखाली धरली आणि विचारलं, "ताई, हिला पारा कुठे लागला?" पारा? आमच्याकडे थर्मामीटरसुद्धा डिजिटल आहे. मग त्यांनीच पुढचा प्रश्न टाकला, "तोंडाला कुठलं गोरं व्हायचं क्रीम लावता का?"

लावत होते. नणंदेच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि गालांवर वांग. कॉलनीतल्या पार्लरवाल्या ताईंनी साडेसहाशेची डबी हातात दिली. "हर्बल आहे, केमिकल काही नाही यात." डबीवर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी, काहीच नव्हतं. चिक्कीच्या पाकिटावरची तारीख मी चष्मा लावून वाचते, आणि ही डबी तशीच पर्समध्ये टाकली! आतल्या चिठोऱ्यावर एक ओळ मात्र होती: सोन्या-चांदीला लागू देऊ नका. दागिने तेलकट होतील म्हणून लिहिलं असेल, असं मी समजले.

आठवड्याभरात चेहरा उजळला. मेख इथेच आहे. क्रीमचा उपयोग झाला नसता, तर मी डबी कधीच फेकून दिली असती. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन टायरोसिनेज नावाच्या ज्या एन्झाइममुळे तयार होतं, त्याचंच काम पारा अडवतो. म्हणजे रंग खरोखरच उजळतो. पण पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. माझे घोटे सुजत होते, ते मी दिवसभर ओट्यापाशी उभं राहण्यावर ढकललं. लघवीला फेस यायचा, त्याबद्दल कुणाशी बोलणार?

तपासणीत लघवीतून प्रथिनं जात असल्याचं निघालं, आणि पाराही. डॉक्टरांनी अकोल्याची हकिकत सांगितली. तिथे एकाच घरातल्या तिघींची, आई आणि दोन मुलींची, मूत्रपिंडं बिघडली होती. त्यांनी लावलेलं क्रीमही ब्यूटिशियनकडूनच आलेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते तपासलं तेव्हा त्यात पारा सापडला. २०२३च्या सुरुवातीला हे पेपरात आलं होतं. मी वाचलंही असेन, पान उलटलं असेन.

आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही. नकळत आलेला असला तरी दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण नियम लागू करायला आधी बनवणारा सापडायला हवा, आणि माझ्या डबीवर तर नावगाव काहीच नव्हतं. घटकांच्या यादीत कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड दिसलं, तर तोही पाराच. ज्या डबीवर यादीच नाही ती घेऊ नका, मग मावशीने आखाती देशातून आणलेली का असेना. आणि डबी बंद केली म्हणजे संपलं असं नाही. उशीचा अभ्रा, टॉवेल, लेकीचा गाल, सगळीकडे तो लागत असतो.

क्रीम बंद केलं, औषधं घेतली. सूज उतरायला चार महिने लागले. लग्नाच्या फोटोंत मी छान गोरी दिसते आहे. ते फोटो मी कुणाला दाखवत नाही.

उरलेली डबी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घट्ट बांधून मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत दिली. त्याआधी पार्लरमध्ये गेले होते, चांगली तोंडावर सुनवायला. ताई रडवेल्या झाल्या. "अहो, मी स्वतः दोन वर्षं हेच लावतेय." त्यांना माल स्कूटरवरून येणारा एक माणूस द्यायचा, रोखीने, बिल नाही. त्याचा नंबर आता लागत नाही.

परवा रात्री त्यांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग हळूच विचारलं, "लघवीची ती तपासणी कुठे केलीत हो?"