साधं सीएसएस, बूटस्ट्रॅप की टेलविंड?

वेबपान बांधायच्या एचटीएमएलचे टॅग आठ-दहा दिवसांत हाताला बसतात. पान दिसायला लागतं, पण बघवत नाही. मग प्रश्न येतो की ते नटवायला शिकायचं कशातून. रंग, आकार, मांडणी ठरवणारी भाषा म्हणजे सीएसएस; बूटस्ट्रॅप आणि टेलविंड ही तिच्यावर बांधलेली आयती साधनं. क्लासवाले बूटस्ट्रॅप म्हणतात, यूट्यूबवर टेलविंडचा गजर चालू असतो आणि ऑफिसातला एखादा जुना खोड सांगतो, "आधी साधं सीएसएस कर." मी त्या जुन्या खोडाच्या बाजूचा, पण सरसकट नाही.

बूटस्ट्रॅप 2011 साली ट्विटरमधल्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी सगळ्यांसाठी खुलं केलं. बटणं, मेनू, फॉर्म, सगळं आयतं. पानाच्या मांडणीची जाळी 12 रकान्यांची: तीन खोक्यांना 'कॉल-एमडी-4' हा क्लास (टॅगला लावायचं नाव) दिला की मोठ्या स्क्रीनवर ते शेजारी-शेजारी बसतात आणि मोबाइलवर एकाखाली एक. एका दुपारी पान उभं. गोची होते ती बटणाचा रंग बदलताना. आपण लिहिलेला नियम लागतच नाही, कारण एक तर आपली फाइल बूटस्ट्रॅपच्या आधी जोडलेली असते, नाहीतर त्यांचा सिलेक्टर (नियम कोणाला लागू ते सांगणारा भाग) वजनाने भारी पडतो. हे माहीत नसलं की माणूस 'इम्पॉर्टंट' (हाच नियम आधी लागू कर, असा हुकूम) ठोकत सुटतो. माझ्या पहिल्या पानात असे सतरा निघाले होते.

टेलविंड 2017 चं, ॲडम वॉथन यांचं. इथे आयतं बटण नाही. 'पी-4' लिहिलं की 1 रेम पॅडिंग (खोक्याच्या आतली मोकळी जागा), म्हणजे सहसा 16 पिक्सेल. काम झपाट्याने होतं, पण मुळात ही सीएसएसची लघुलिपी आहे आणि भाषाच येत नसताना लघुलिपी शिकून काय उपयोग? शिवाय नीट वापरायचं तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि बिल्डची (अंतिम फाइल तयार करून घ्यायची) भानगड मागे लागते. पहिल्या महिन्यात ती नकोच.

फरक कुठे कळतो, तर मराठी पानावर. समजा, गावच्या जत्रेचं पान करताय. टेलविंडमध्ये मथळ्याला 'टेक्स्ट-5एक्सएल' दिलं की अक्षर 48 पिक्सेलचं होतं आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) 1, म्हणजे अक्षराच्या आकाराएवढीच. रोमन लिपीत ते ठसठशीत दिसतं. पण 'कुलदैवताची पालखी आणि कुस्त्यांचा फड' हा मथळा मोबाइलवर दोन-तीन ओळींत मोडलं, की वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. त्यात इंग्रजी धड्यात पाहून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं असेल तर शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी पडतात, दातात फटी असाव्यात तशी. बूटस्ट्रॅपच्या मथळ्यांना लाइन-हाइट 1.2 असते, तीही देवनागरीला जरा तंगच.

साधं सीएसएस शिकलेला इथे एफ12 दाबून ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडतो, मथळा निवडतो, एकेका नियमासमोरची खूण काढून बघतो आणि लाइन-हाइट 1.5 करून मोकळा होतो. बाकीचे दोघं क्लासची नावं शोधत बसतात.

साध्या सीएसएसचा जाच आहेच. 300 पिक्सेलच्या खोक्याला चारी बाजूंनी 20 चं पॅडिंग आणि 1 ची बॉर्डर दिली की खोकं 342 चं होतं आणि ओळीतलं शेवटचं खाली घसरतं. पॅडिंग आणि बॉर्डर 300 मध्येच धरायला लावणारी 'बॉर्डर-बॉक्स'ची एक ओळ लिहीपर्यंत डोकं फिरतं. मात्र पूर्वी जाळीसाठी बूटस्ट्रॅपसारख्या साधनाचा मोठा आधार लागायचा, तसं आता नाही. 2017 पासून मोठ्या ब्राउझरांत सीएसएस ग्रिड, म्हणजे सीएसएसमधलीच जाळीची सोय, आलंय. तीन रकाने दोन-तीन ओळींत होतात.

परवा मामाच्या दुकानाचं पान द्यायचं कबूल केलं असेल तर खुशाल बूटस्ट्रॅप घ्या. नोकरीच्या जाहिरातींत रिॲक्टसोबत (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) टेलविंड मागत असतील तर तेही शिका, पण महिना-दीड महिना साधं सीएसएस घासल्यावर. नुसती हौस असेल, हाताशी वेळ असेल, तर नोटपॅड उघडा, जत्रेचं पान घ्या आणि सगळ्यात वरच्या टॅगमध्ये भाषा मराठी लिहायला विसरू नका. काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात ते त्यामुळेच.