दूध बाजारातलं चिठ्ठीवालं किराणा दुकान

रमजानात गरजूंना वाटायला किराण्याचं किट बांधून देणारी दुकानं जुन्या नाशकात गल्लोगल्ली. गेल्या वर्षी अशाच एका दुकानातून चार किटं घेतली. तांदळात किडे निघाले, वर पिशवीवर मला न विचारता माझं नाव छापलेलं! आमच्या मागच्या गल्लीतल्या भाभी ती पिशवी उलटी करून घरी नेताना दिसल्या. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा दूध बाजारातल्या या दुकानात गेले. मालकाला आवडत नाही म्हणून नाव लिहीत नाही. तो माझा जुना विद्यार्थी, हेही आधीच सांगून टाकते. पद्धत अशी की आपण पैसे भरायचे, तो चिठ्ठी देतो, आणि चिठ्ठी आणणारी बाई हवं ते नेते. माझी बचत ४ लाख, वर्ष उलटलेलं, म्हणून जकात, म्हणजे गरजूंना द्यायलाच हवा असा चाळिसावा हिस्सा, १०,०००. त्याच्या २५०० च्या ४ चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीवर नुसता नंबर नि रक्कम.

"बाई, चिठ्ठी दिली म्हणजे जकात फिटली असं धरू नका. माल त्यांच्या मालकीचा झाला की फिटली," तो म्हणाला. म्हणून फोनवर 'नंबर ३ वटली' एवढाच निरोप येतो.

माझ्यासमोर एकीनं चिठ्ठी पुढे केली. शेवया-खजुराकडे पाहिलंही नाही. गोडंतेल, कपड्यांचा साबण आणि दोन शंभर पानी वह्या. किटात वह्या कोण घालतं?

आमच्या धुण्याभांड्याच्या मावशी हिंदू. त्यांची चिठ्ठी त्यानं जकातीत न धरता सदक्याच्या, म्हणजे कुणालाही देता येणाऱ्या ऐच्छिक दानाच्या, वहीत लिहिली. माल तोच, भाव तोच. फितरा, म्हणजे रमजान संपताना द्यायचं दान, ईदच्या नमाजाआधी पोचायला हवा, म्हणून त्याच्या चिठ्ठ्या सत्ताविसाव्या रोज्यानंतर घेत नाही.

तूरडाळ चांगली, खजूर महाग नि चिकट. असरनंतर, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर, जाऊच नका, पाय ठेवायला जागा नसते. गाडी सारडा सर्कलकडे लावून चालत जावं.

आणि अक्षर! सातवीत होतं तसंच. माझ्या एका चिठ्ठीवरचे २५०० त्याच्याच पोऱ्यानं ३५०० वाचले नि हजाराचा माल जास्त दिला. वरचे हजार भरायला गेले, तर म्हणाला, "राहू द्या बाई, दोन नि तीन तुम्हीच शिकवलेत."