फ्लॅटबेड आला म्हणजे झालं असं नाही: ठाणे-नवी मुंबईतल्या टोइंग सेवांचा रिव्ह्यू

घोडबंदर रोड असो की ठाणे-बेलापूर रोड, गाडी बंद पडल्यावर फोन केला की तीनपैकी एक काहीतरी येतं: हुकवाली क्रेन, दोन चाकं उचलणारी व्हील-लिफ्ट, नाहीतर अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड. आजच्या गाडीसाठी फ्लॅटबेडच मागवा, हे आमचं स्पष्ट मत. पैसे जास्त जातात, पण गिअरबॉक्सच्या बिलापुढे ते काहीच नाहीत.

बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि गिअरबॉक्सला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरतायत, म्हणजे न्यूट्रल असूनही आत ऑइल पोचत नाही आणि भाग तापतात. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी पुढून उचलली आणि हँडब्रेक सुटलेला असला, तर व्हील-लिफ्ट चालते. तीच मागून उचलली की नुकसान ओढवून घेतलंच. ऑल-व्हील-ड्राइव्हची (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीची) दोन चाकं वर आणि दोन खाली ठेवून नेणं म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगची वाट लावणं. इलेक्ट्रिक गाडीत चाक फिरलं की मोटरही फिरते आणि वीज तयार करू लागते, म्हणून तिची चारही चाकं वरच हवीत. फोनवरच मॉडेल, ऑटोमॅटिक की मॅन्युअल, आणि चाकं फिरतायत की जाम आहेत, हे सांगा. समोरचा हे स्वतःहून विचारत असेल, तर ती सेवा निम्मी पास.

हुकवाल्या क्रेनवर फार लिहिण्यासारखं नाही. साखळी बंपरला नाहीतर लोअर आर्मला (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याला) अडकवणार असेल, तर परत पाठवा.

आता फ्लॅटबेडवाल्याचं काम. खरा फरक इथे पडतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून त्यात टोइंग हुक बसवायचा असतो. तो डिकीत स्टेपनीजवळ, टूलकिटमध्ये सापडतो. हाताने फिरवून थांबू नये, चाकाचा पाना आडवा घालून तो शेवटपर्यंत घट्ट करावा. फोक्सवॅगन-श्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत आटे उलटे असतात, तिथे जोर लावून सरळ फिरवणारा माणूस आटे खराब करतो. विंचची (ट्रकवरच्या, दोरखंडाने गाडी वर ओढणाऱ्या यंत्राची) ओढ हुकच्या सरळ रेषेत हवी. ट्रक तिरका लावून कोपऱ्यातून ओढलं की हुक वाकतो, कधी त्यामागचा क्रॉसमेंबरही, म्हणजे आडवा लोखंडी आधार. सेडान चढवताना रॅम्पच्या तोंडाशी लाकडी फळ्या टाकल्या नाहीत, तर बंपरचा खालचा ओठ घासणारच.

बॅटरी उतरली असेल तर इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आणि स्टिअरिंग लॉक सुटत नाहीत. चांगल्या टीमकडे जंप पॅक, म्हणजे बॅटरीला तात्पुरती वीज देणारं छोटं उपकरण, असतं. १२ व्होल्ट मिळाले की ब्रेक सुटतो. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारी छोटी फट असते, तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून पी (पार्क) मधून एन (न्यूट्रल) मध्ये येता येतं. तरीही चाक फिरत नसेल, तर त्याखाली प्लास्टिकचे स्केट, म्हणजे गाडी घसरवत नेण्यासाठीचे गुळगुळीत तुकडे, सरकवावेत. ‘थोडं घासत नेऊ’ असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

बांधणी नीट बघा. पट्टे टायरवरून टाकून रॅचेटने (पट्टा आवळणाऱ्या दातेरी खटक्याने) आवळलेले हवेत, चार चाकांना चार. पट्ट्याचा हुक टाय रॉडला (स्टिअरिंगच्या दांड्याला) किंवा सस्पेन्शन आर्मला लावला, तर खड्ड्यात गाडी खाली दबते, पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि पुढच्याच क्षणी झटका बसतो. सर्व्हिस रोडवरचे आणि गायमुख घाटातले खड्डे पाहिले, तर हे किती वेळा होईल ते सांगायला नको. टायर बांधलेला असला की सस्पेन्शन मोकळं हलतं.

बहुतेक सेवा अडखळतात त्या बेसमेंटमध्ये. कासारवडवली-माजिवडा भागातल्या टॉवरचं पार्किंग असो वा वाशी-नेरूळमधलं, फ्लॅटबेड आत शिरत नाही. मग गाडी वर आणायला स्केट, छोटं वाहन आणि दोन माणसं लागतात. फोनवर ‘बेसमेंट आहे, रॅम्पला वळण आहे’ हे सांगूनही रिकाम्या हाताने येणारे आहेत, त्यांना आमचे गुण कमीच. रॅम्पवर इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं आणि स्टिअरिंगही जड होतं, म्हणून आत बसणारा माणूस अनुभवी हवा आणि चाकामागे ठोकळा धरणारा वेगळा.

पावसाळ्यात पाण्यात बुडालेली गाडी असेल, तर चढवण्याआधी ‘एकदा सेल्फ मारून बघू’ असं कुणालाही करू देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

दर आधीच ठरवा: किलोमीटरचा, थांबण्याचा, बेसमेंटचा वेगळा. ऐरोली-मुलुंड मार्गे जायचं असेल तर टोलही विचारा. मुंबईच्या प्रवेश नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून टोलमाफी आहे ती हलक्या वाहनांना, ट्रकला नाही. विम्याच्या रोडसाइड असिस्टन्समध्ये फुकट किलोमीटरला मर्यादा असते, तीही फोनवरच विचारून घ्या. गाडी चढवण्याआधी चारही बाजूंचे आणि बंपरच्या खालच्या कडेचे फोटो काढा, उतरवल्यावर पुन्हा काढा, आणि ड्रायव्हर असतानाच टोइंग हुक काढून डिकीत परत ठेवला का ते तपासा. तो ट्रकमध्येच राहून जाऊ शकतो.