बसकाकांसाठी थर्मास: का घेतला, कसा निवडला, कसा चाललाय

शाळेच्या बसच्या काकांना दिवाळीला काय द्यायचं, हा विषय आमच्या पालकांच्या ग्रुपवर दरवर्षी निघतो आणि दरवर्षी काजूकतलीच्या बॉक्सवर मिटतो. गेल्या दिवाळीत आम्ही धायरीच्या स्टॉपवरच्या घरांनी मिळून एक लिटरचा स्टीलचा थर्मास दिला. काका तो अजून रोज वापरतात. पुन्हा दिवाळी आली आहे आणि ग्रुपवर तोच प्रश्न आला आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी काकांच्या दिवसाबद्दल, कारण भेट त्यावरूनच ठरली. माझी मुलगी सहावीत आहे, तिची शाळा सकाळची. साडेसहाला बस स्टॉपवर हजर. मुलांना सोडलं की तीच बस छोट्या वर्गांच्या फेरीला निघते. २०२४च्या फेब्रुवारीत शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं परिपत्रक काढलं. लहानांची झोप पुरी होते, त्यामुळे मला तो निर्णय मनापासून पटला. पण आमच्या काकांच्या वाट्याला त्यातून दोन वेगळ्या फेऱ्या आल्या, सुटतानाही दोन. मधल्या वेळात ते आणि बसमधल्या मावशी शाळेमागच्या रस्त्यावर बस लावून थांबतात. घरी जाऊन यावं एवढा वेळ मिळत नाही.

काय द्यावं हे मी मुलीलाच विचारलं. आपल्याला काका दिसतात ते स्टॉपवर, मिनिटभर. मुलं त्यांना रोज जाता-येता बघत असतात. ती पटकन म्हणाली, "काका आणि मावशी पिशवीतला चहा पितात." टपरीवरचा उकळता चहा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून, तोंडाला गाठ मारून आणायचा, मग कोपरा फोडून कागदी कपात धार सोडायची. पुण्यात ऑफिसाऑफिसांत हे चालतं. कढत चहा प्लॅस्टिकमध्ये ओतलेला मला बघवत नाही. शिवाय काकांना शुगर आहे, हे मावशींनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. टपरीवरच्या चहात साखर आधीच पडलेली असते. काजूकतलीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

ग्रुपवर बाकी सूचनाही आल्या होत्या. पँट-शर्टचं कापड सुचवलं गेलं, पण त्याची शिलाई कापडापेक्षा महाग पडते आणि ड्यूटीवर खाकीच घालायची असते. बसमध्ये लावायला सुगंधाची बाटली नको म्हटलं, गाडी लागणाऱ्या मुलांना त्या वासाने आणखी मळमळतं. ब्लूटूथ इअरफोनला मी स्पष्ट विरोध केला. पन्नास मुलांची बस चालवणाऱ्या माणसाच्या कानात आपण होऊन काही घालू नये. मण्यांचं सीट कव्हर चांगलं होतं, पण बस ठेकेदाराची आहे आणि कधी कधी बदलते. पैशांचं पाकीट द्यावंच, ते आम्ही दिवाळीला वेगळं देतो. मी त्याला भेट धरत नाही, तो त्यांचा बोनस आहे.

खरेदी तुळशीबागेच्या बाजूच्या एका भांड्यांच्या दुकानात केली. मिल्टन, सेलो, बोरोसिल, सगळे समोर मांडलेले होते. मी कंपनीपेक्षा झाकण बघत होते. बटण दाबलं की चहा येतो ती झाकणं दिसायला छान असतात, पण आत स्प्रिंग, नळी, दोन-तीन रबरं असतात. दुधाचा चहा त्या खाचांत शिरतो आणि नीट धुतलं नाही की दोन दिवसांत आंबूस वास मारायला लागतो. म्हणून साधं आट्यांचं बूच आणि वरचं झाकण कपासारखं वापरता येईल असा प्रकार घेतला. बुचाला एकच रबरी वायसर आहे. तो नखाने ओढला की निघतो, धुऊन परत बसवता येतो. तोंड एवढं रुंद हवं की बाटलीचा ब्रश सहज आत जाईल. अर्ध्या लिटरचा थर्मास स्वस्त पडत होता, पण काका एकटे चहा पीत नाहीत. मावशी असतात, शेजारच्या बसचे काका असतात. एक लिटरमध्ये दहा-बारा कटिंग होतात.

दुकानदारांनी एक चांगली गोष्ट शिकवली. "घरी न्या, उकळतं पाणी भरा, झाकण लावा आणि थोड्या वेळाने बाहेरून हात फिरवून बघा. अंग गार राहिलं तर माल चांगला. गरम लागलं तर परत आणा." थर्मासला दोन भिंती असतात आणि मधली हवा काढून घेतलेली असते. त्या पोकळीतून उष्णता सहज बाहेर येऊ शकत नाही. ती पोकळी कुठे फुटली असेल, तर बाहेरचा पत्रा तापतो. जोरात पडून खालचा सांधा उघडला तरी हेच होतं, मग तो थर्मास नुसती बाटली उरतो. भेट द्यायची वस्तू आधी घरी तपासून बघा, हे मी प्रत्येकाला सांगेन. काकांना ती वापरताना खराब निघाली, तर ते कधीच आपल्याला सांगणार नाहीत.

नाव घालायचं ठरलं तेव्हा ग्रुपवर थोडी चर्चा झाली. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे, "अमुक यांजकडून सप्रेम भेट". मी काकांचं नाव घालायला सांगितलं. वस्तू त्यांची, मग नाव त्यांचंच हवं. शिवाय शाळेमागे सगळ्या बसकाकांचे डबे-बाटल्या एकाच कट्ट्यावर असतात, तिथे नाव उपयोगी पडतं. दुकानदारांनी मशीनने कपाच्या झाकणावर ठळक घालून दिलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता कामगिरी. डब्यावर चोवीस तास गरम असं छापलेलं असतं. ते पाण्याच्या हिशेबात वाचावं आणि तेही काठोकाठ भरलेल्या. काका पहाटे घरून बिनसाखरेचा चहा भरून आणतात, आणि मधल्या सुट्टीच्या सुमारास तो फुंकून प्यावा लागतो, असं मावशी सांगतात. दुपारपर्यंत तो गरमच राहतो, पण दुधाच्या चहाची चव तोपर्यंत उतरते. शिवाय दूध इतका वेळ गरम ठेवू नये. सकाळचा चहा सकाळीच संपवावा. मग थर्मास विसळून त्यात प्यायचं पाणी भरतात, आणि एप्रिलच्या उन्हात काकांना त्याचाच जास्त उपयोग झाला. चहा भरण्याआधी दोन मिनिटं उकळतं पाणी घालून ठेवलं तर चहा जास्त वेळ टिकतो, हे मी भेटीबरोबर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं.

उणीव एकच, पण सांगायला हवी. सोबत मिळालेल्या कापडी पिशवीची चेन पावसाळ्याआधीच गेली. वाटते तेवढी ही किरकोळ बाब नाही. गोल बाटली ड्रायव्हरच्या पायाशी मोकळी ठेवली आणि घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल, याचा विचार करा. म्हणूनच आम्ही पट्ट्याची पिशवी बघून घेतली होती. काका ती सीटच्या मागच्या हुकाला अडकवतात. चेन गेल्यावर मी कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, जाड पट्टा लावून, वरून नाडी ओढायची. ज्यांना थर्मास द्यायचा आहे त्यांनी पहिल्यापासून अशीच पिशवी शिवून द्यावी. शिंपी तासाभरात शिवून देतो.

मावशींना विसरू नका. राज्याच्या २०११च्या शालेय बस नियमांत बसवर मदतनीस असावा असं आहे, पण भेटीच्या वेळी फक्त काकांचं नाव निघतं. प्रत्येक स्टॉपवर आधी मावशी उतरतात. एका हाताने दप्तर घेतात, दुसऱ्याने मुलाचं मनगट धरतात आणि रस्ता ओलांडून देतात. त्यांना छत्री कुणीतरी देऊन झाली होती, पण छत्री धरायला तिसरा हात आणायचा कुठून? त्या साडी नेसतात, त्यामुळे शर्ट-पँटचा रेनकोट चालत नाही. आम्ही पोटरीपर्यंतचा लांब कोट घेतला, टोपी कोटालाच जोडलेली आणि दोन नंबर मोठा, म्हणजे पदरावरूनही बसतो. रंग मुद्दाम पिवळा घेतला, वडगावच्या पुलाखाली सकाळच्या अंधारात गाड्यांना लांबून दिसावा म्हणून. रेनकोट दिवाळीला देऊन ठेवला की जूनपर्यंत घडीला चिकटतो, तो शाळा सुरू होताना द्या.

वर्गणी किती, हे ग्रुपवर आधीच ठरवून घ्या आणि ती लहान ठेवा. आमच्या स्टॉपवर एका घराला वर्गणी जड जात होती, म्हणून कुणी किती दिले हे आम्ही कुठेच लिहिलं नाही. कार्डावर सगळ्या मुलांची नावं एकाच ओळीत, मुलांच्याच अक्षरात होती.

यंदा शेजारच्या स्टॉपची मंडळी काकांना काय द्यायचं म्हणून माझ्याकडे आली होती. दुसरा थर्मास देऊ नका, असं मी त्यांना सांगितलं. काकांना हिवाळ्यात पहाटे स्टीअरिंग धरताना बोटं आखडतात, असं मुलगी म्हणते. पण हातमोजे निवडायचे तर तळव्याला रबरी दाणे असलेले हवेत, नाहीतर नुसत्या लोकरीचा हात स्टीअरिंगवरून सटकतो.