कॉन्सर्टसाठी घेतलेले इअरप्लग, काही महिन्यांनंतर: फिल्टर झकास, टिपचा वैताग

उजव्या प्लगची टिप फाटली, म्हणून लिहायला बसले आहे. फाटली म्हणजे सिलिकॉनच्या तीन पापुद्र्यांपैकी सगळ्यात बाहेरच्याला चीर गेली. कंपनीला विचारलं, सुटी टिप मिळेल का? उत्तर आलं: सुटी विकत नाही, नवा सेट घ्या. मी परत लिहिलं, अहो, फिल्टर शाबूत आहे, दांडी शाबूत आहे, डबी शाबूत आहे, बोटाच्या पेराएवढ्या रबरासाठी सगळं पुन्हा कशाला? पुन्हा तेच उत्तर, शब्दसुद्धा तेच. एक तारा देऊन मोकळं व्हायचं ठरवलं होतं.

पण मग ती कॉन्सर्ट आठवली आणि हात आखडला.

तशी काही खास नव्हती. बँड बरा, गाणी ओळखीची, गर्दी बेताची. कुणी विचारलं असतं तर 'ठीक होती' एवढंच म्हटलं असतं. मागून मैत्रिणीला काही दिसत नाही, म्हणून आम्ही दोघी पुढे, स्पीकरच्या जरा जास्तच जवळ उभ्या. तिच्या कानात फोमचे साधे बोळे, माझ्या कानात हे नवे. फोम वरचे स्वर जास्त खातो आणि खालचे कमी, त्यामुळे झांजा आणि शब्द गायब, उरते ती नुसती धबधब. यांचा फिल्टर सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतो. आवाजाचं बटण थोडं मागे फिरवावं तसं.

दुसऱ्या गाण्यात गायकाने पहिलंच कडवं पुन्हा लावलं. मी तिला कोपराने ढोसलं, "अगं, तेच कडवं!" ती म्हणाली, "काय?" मग एक बोळा काढून ऐकलं आणि जी हसायला लागली! तेवढ्यात ड्रमवाला गायकाकडे बघून गालात हसला, बेसवाल्याने मान खाली घातली. आजूबाजूला कुणाला पत्ता नाही, लोक मनापासून नाचतायत. पुढे प्रत्येक गाण्यात आम्ही कडव्यांवर पहारा ठेवला. शेवटी लोकांनी वन्स मोअर दिला तेव्हा तेच गाणं आलं, आणि या खेपेला कडवी बरोबर! ती चक्क नाराज झाली. बाहेर पडल्यावर कानात शिट्टी नव्हती. एरवी अशा कार्यक्रमानंतर दोघीही ओरडून बोलतो. त्या दिवशी वाटभर साध्या आवाजात गप्पा झाल्या. लगेच तिनेही हाच सेट मागवला.

आता आकडे. फोनवरचं अ‍ॅप 100 डेसिबलच्या आसपास दाखवत होतं. फोनच्या माइकचा आकडा अंदाजापुरताच धरा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबाने 85 डेसिबलला 8 तास चालतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला 4 तास, 91 ला 2, आणि 100 ला जेमतेम 15 मिनिटं. 15 मिनिटांत तर साउंडवाल्याचं 'हॅलो, चेक' सुद्धा उरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी घातलेली मर्यादासुद्धा 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबल आहे. म्हणजे नियम पाळणाऱ्या जागीही कान आपले आपणच सांभाळायचे.

माझ्या प्लगवर 15 डेसिबल लिहिलंय, म्हणजे आवाज तेवढा खाली येतो. फोमच्या पाकिटावर याच्या दुप्पट असतात म्हणून सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. आता नाही मुरडत. पाकिटावरचे आकडे प्रयोगशाळेतले. प्रत्यक्षात नायॉशनेच 1998 मध्ये फोमचा आकडा निम्मा धरायला सांगितलं होतं, आणि तयार टिपवाल्या प्लगचा तर 70 टक्के कापायला. सगळं बसवण्यावर आहे. डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग प्लग हळू फिरवत आत. नंतर तोंड मिटून गुणगुणायचं: आवाज डोक्याच्या मधोमध घुमला तर बसलं, एकाच बाजूला घुमला तर दुसरीकडून गळती आहे.

आणि चीर म्हणजे गळतीच. फटीतून आधी खालचे स्वर शिरतात. फाटल्यानंतरच्या कार्यक्रमात उजव्या कानात बेस दणदणत होता आणि डाव्यात सगळं छान. म्हणून म्हणते, प्रश्न रबराच्या तुकड्याचा नाही, त्या तुकड्याशिवाय बाकीचा सेट शोभेचा आहे. माझ्या डाव्या कानाला मीडियम लागते, उजव्याला लार्ज. लार्जच्या जोडीतली दुसरी टिप केव्हाच हरवली, कारण डबीत सुट्या टिप ठेवायला जागाच नाही. प्लग दोन, खाचा दोन, झाकण बंद! ज्याने ही डबी बनवली त्याने स्वतः ती कधी खिशात घालून फिरवली नसावी.

अजून एक. कान बंद असले की स्वतःचा आवाज हाडांतून येऊन आतच घुमतो. गाण्याबरोबर गायलं की आपण किती बेसूर आहोत ते स्वच्छ कळतं. शिवाय आपलाच आवाज मोठा वाटतो, म्हणून माणूस हळू बोलतो. दोघींच्याही कानात प्लग असले की संभाषण असं: "काय?" "तू काय म्हणालीस?" "मी कुठे काय म्हणाले?" यावर कंपनी काही करू शकत नाही, तेव्हा तारे कापत नाही.

टिपचे मात्र कापणार. सध्या काम चालू आहे ते मैत्रिणीमुळे. तिचे दोन्ही कान मीडियमचे, लार्ज तिच्या खोक्यात पडून होत्या, त्या मला मिळाल्या. कंपनीचा यात काडीचा वाटा नाही. तीन तारे, आणि तेही फिल्टरचे. घेणार असाल तर आधी सुटी टिप मिळते का ते लेखी विचारून घ्या. नाही म्हणाले आणि तरी हेच हवे असतील, तर सेट वेगळ्या मापाच्या कानाच्या मैत्रिणीबरोबर घ्या.